दोन्ही टोकं बांधलेली नळी

आमच्या घरात संध्याकाळच्या प्रार्थनेत गीत कोणी निवडायचं, हे पपा ठरवत. त्यांचा नियम साधा होता. त्या दिवशी घरात ज्याच्या हातून सगळ्यांत चांगलं काम झालं असेल, त्याने गीत सांगायचं आणि बाकीच्यांनी ते गायचं. पपा पेटी पुढ्यात ओढत, भाता मोकळा करत आणि चष्म्यावरून एकेकाकडे बघत. आईने लोणचं मुरवलेलं असे, नाहीतर सबंध घर शेणाने सारवलेलं असे. मी गणितात पैकीच्या पैकी गुण आणलेले असत. मी एकुलता एक, त्यामुळे लढत आईशीच असे आणि आई हरायला नेहमी तयार असे. पपा म्हणत, "आज दिनू निवडेल," आणि मी छाती पुढे काढून गीतपुस्तकातला आकडा सांगत असे. लांबून लष्कराच्या हद्दीतल्या तोफांचा सराव ऐकू येई, मांडणीवरच्या कपबशा किणकिणत आणि त्यावर पपांचा सूर चढे. अहमदनगरातलं आमचं दोन खोल्यांचं घर माझ्या आठवणीत असं आवाजांनी भरलेलं आहे. मग शांतवन राहायला आला.

शांतवन माझ्या मावशीचा मुलगा. सोनईच्या पलीकडे एका वस्तीवर मावशी दोन म्हशी राखून एकटीने संसार ओढत होती. तिच्या मुलाला नगरच्या पॉलिटेक्निकला माझ्याच वर्गात जागा मिळाली, तेव्हा तो आमच्याकडे राहणार हे कोणी कोणाला विचारलंही नाही. एक पत्र्याची ट्रंक, कापडाने तोंड बांधलेली तुपाची बरणी आणि बाजरीच्या पिठाचं गाठोडं घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सलाम काका. सलाम मावशी." मग माझ्याकडे बघून हसला. "दिन्या, तुझ्या खाटंवर मला जागा हाय का न्हाई?" खिडकीखालची ती खाट लहानपणापासून माझी होती. आईने खाट त्याला दिली आणि मला खाली गादी घातली. पाहुणा आहे म्हणाली. तीन वर्षं तो पाहुणाच राहिला.

पपा चित्रकलेचे मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी नगरच्या पोरांकडून मडकी, पानं आणि फुलपाखरं काढून घेतली, आणि माझ्या हाताकडे बघून ते फार लवकर निराश झाले होते. माझी रेघ कापते. तेव्हाही कापायची. शांतवनने पहिल्या सत्रातलं यंत्राचं ड्रॉइंग घरी आणलं, तेव्हा पपा ते दाराच्या उजेडात घेऊन उभे राहिले आणि चष्मा सारखा करून एकेक रेघ बघू लागले. नटबोल्टचं चित्र होतं, दुसरं काही नाही. शेवटी म्हणाले, "रेघ कशी श्वास न सोडता काढलीय बघ." शांतवन म्हणाला, "काका, श्वास धरूनच काढतो मी." दोघं हसले. त्या संध्याकाळी गीत त्याने निवडलं. दुसऱ्या दिवशीही त्यानेच. मी माझी गणिताची वही पपांपुढे धरली, तर त्यांनी पान उलटून पाहिलं आणि विचारलं, "आकडे आहेत का मुंग्या?" ते प्रेमाने म्हणाले होते. मला आजही ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं, आणि त्यातलं प्रेम मात्र मुद्दाम आठवावं लागतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येक जोडीने एक यंत्र पूर्ण डिझाइन करायचं होतं. आमची जोडी घरातच ठरलेली. शांतवनच्या गावाकडचे अण्णा, दूध संकलन केंद्राचे मालक, तेव्हा छोटा प्लँट काढत होते. दूध तापवून, जंतू मारून ते झटकन गार करायचं आणि कॅनमध्ये भरायचं. त्यांना गार करणारं यंत्र हवं होतं. आमच्या सरांनी नाव दिलं, डबल पाईप हीट एक्स्चेंजर. नाव मोठं आहे, गोष्ट सोपी. एका जाड नळीत दुसरी बारीक नळी. आतल्या नळीतून गरम दूध, बाहेरच्या पोकळीतून विहिरीचं गार पाणी. पाणी दुधाच्या उलट दिशेने सोडायचं, म्हणजे दूध जिथून बाहेर पडतं तिथे त्याला सगळ्यांत ताजं, सगळ्यांत गार पाणी भेटतं. आईला मी हे समजावलं, तर ती म्हणाली, "मी परातीत पातेलं ठेवते, पाणी कोमट झालं की बदलते. त्यातलंच ना?" त्यातलंच.

आम्ही काम वाटून घेतलं. उष्णतेचं गणित माझं: दुधातली किती उष्णता काढायची, किती पाणी लागेल, नळी किती लांब हवी, तिचे तुकडे करून किती पदर एकावर एक रचायचे. नळ्यांची जाडी, आधार, जोड आणि सगळी ड्रॉइंगं शांतवनची. अण्णा आम्हाला म्हणाले होते, "यंत्र चाललं तर तुमच्यातला एक मी ठिवून घेनार. खोली हाय प्लँटवर, दूध फुकट. दोघं परवडायचे न्हाईत रं बाबांनो." डिप्लोमा हातात पडायच्या आधी नोकरी, तीही यंत्राची. अण्णा पपांचा शब्द मानत; पपा ज्याचं नाव सांगतील त्यालाच ते घेणार, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पपा कोणाचं नाव सांगणार, हेही मला ठाऊक होतं.

शांतवनने दोन्ही टोकं वेल्ड केलेली दाखवली. म्हणजे आतली नळी आणि बाहेरची नळी दोन्हीकडून एका चकतीने कायमची जोडून टाकलेली. पुस्तकात दुसरी पद्धतही होती: एक टोक सुटं ठेवायचं आणि तिथे ग्लँड बसवायचा, म्हणजे दोरीची पॅकिंग घालून घट्ट आवळलेली कडी, ज्यातून नळी पुढेमागे सरकू शकते. पण ग्लँड थोडं ठिबकतोच. सरांनीही एकदा ते सुचवलं, तेव्हा शांतवनने मान हलवली. त्याचं कारण मला माहीत होतं. अण्णांच्या आधी केंद्र चालवणाऱ्या माणसाने एकदा भर रांगेत मावशीच्या दुधात दाटपणा बघायची मापी बुडवून म्हटलं होतं, बाई, म्हैस पाण्यात उभी राहती का काय. मावशीने कधी थेंब घातला नव्हता. म्हैस आजारी होती, दूध पातळ आलं होतं. शांतवन तेव्हा तिचा पदर धरून उभा होता. "दुधाच्या यंत्रातून पानी ठिबकताना लोकांनी बघितलं," तो मला म्हणाला, "तर काय म्हनतील? अण्णाच पानी घालतो म्हनतील. एक थेंब दिसाया न्हाई पायजे." कोणत्याही पुस्तकात हा निकष नव्हता. त्याच्यासाठी तो सगळ्यांत मोठा होता.

आता ते लिहितो, ज्यासाठी बसलो आहे. अण्णांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं, की रोज सकाळी दूध सोडण्याआधी आतली नळी वाफेने धुणार. माझं गणित दुधाचं होतं, वाफेचं कोणी विचारलं नव्हतं. तरी एका दुपारी, पपा शांतवनला रेघांखाली अक्षरं कशी बसवायची ते शिकवत असताना, मी स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकती पट्टी, घेऊन बसलो आणि वाफेचंही गणित केलं. त्या दोघांची डोकी एकाच कागदावर वाकली होती. पपांचा हात त्याच्या पाठीवर होता. मला सापडलं ते असं: वाफ गेली की आतली नळी तापून लांबणार, बाहेरची गारच राहणार, आणि एका पदरात फरक करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढा पडणार. दिसायला काहीच नाही. पण दोन्ही टोकं बांधलेल्या नळीला तेवढंही जायला जागा नाही. ती वाकणार, आणि रोज सकाळी वाकून एक दिवस जोडापाशी फाटणार. मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात कट नव्हता. फक्त असं वाटलं, की आता माझ्याकडेही काहीतरी आहे.

थोड्या दिवसांनी शांतवन ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. आई आत शेव पाडत होती, तेलाचा चर्र आवाज येत होता. त्याने ड्रॉइंग गुडघ्यावर पसरलं आणि टोकाच्या चकतीवर बोट ठेवलं. "दिनू, उष्नतेचं तुझ्याकडं हाय म्हनून इचारतो. वाफंनं आतली वाढंल का लई? दोन्ही टोकं बांधली तर चालतंय का?"

मी चकतीकडे बघितलं. तिच्याभोवती त्याने वेल्डिंगची खूण इतकी नीट काढली होती, की बारीक टाके घातल्यासारखी दिसत होती.

"चालतंय," मी म्हणालो. "एवढं काही नाही."

"मंग बास," तो म्हणाला. आईने दिलेली शेव त्याने आधी माझ्यापुढे केली.

त्या ड्रॉइंगला पपांनी शाई स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेतली. पुढच्या रविवारी अण्णा जेवायला आले. चर्चमधली उपासना आटोपून आम्ही घरी पोचलो, तेव्हा ते अंगणात टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मटणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. आईने सतरंजीवर ताटं मांडली, बाजरीच्या भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा, वर तवंग आलेला रस्सा. ड्रॉइंग खाटेवर, माझ्या एकेकाळच्या खाटेवर, चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवून पसरलेलं होतं.

"काय मास्तर, पोरांनी काय दिवे लावले बघू तरी," अण्णा म्हणाले आणि भाकरी हातात घेऊनच उठले. बराच वेळ बघून म्हणाले, "मला यातलं ढ कळत न्हाई. पन देवळाच्या नकाशावानी दिसतंय."

"कॉलेजात असं ड्रॉइंग दुसरं नाही," पपा म्हणाले. "मी दीड पिढी पोरांचे हात बघितलेत अण्णा. हा हात वेगळा आहे." नळी किती लांब हवी हे कोणी काढलं, ते त्यांनी सांगितलं नाही. विसरले असतील. तेव्हा मला तसं वाटलं नाही.

"पानी कुठं गळनार न्हाई ना?" अण्णांनी विचारलं.

"एक थेंब न्हाई," शांतवन म्हणाला. "दोन्ही टोकं बंद. गावात कुनी बोट दावायचं न्हाई."

"मला येवढंच पायजे हुतं." अण्णा परत ताटावर बसले. "मंग मास्तर, ह्यो माझ्याकडं. नळ्या उद्याच कापाया घेतो."

पपांनी शांतवनकडे जसं पाहिलं, तसं ते माझ्याकडे कधी पाहत नव्हते. मी घास गिळला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "अण्णा, रोज सकाळी वाफ सोडणार ना तुम्ही?"

"मंग? बिनवाफंचं दूध दुपारपतूर फाटंल."

"वाफेने आतली नळी लांबणार. बाहेरची गार. दोन्ही टोकं बांधलीत. मग आतली वाढून जाणार कुठे?"

आई वाढता वाढता थांबली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग शांतवनकडे. "कुठं जानार?"

"वाकेल. पुढेमागे जोडापाशी फाटेल. मग विहिरीचं पाणी थेट दुधात."

"म्हंजी मीच दुधात पानी घातल्यावानी," अण्णा हळू म्हणाले. भाकरी त्यांनी ताटात ठेवली.

शांतवनचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. मी रश्श्यात बघत होतो. मला पपांचा आवाज ऐकू आला. "शांतवन, उष्णतेचं सगळं दिनूकडे होतं. तू त्याला हे विचारलं नव्हतंस?"

त्या वेळी एक तोफ उडाली असेल, नसेलही. मला मांडणीवरच्या कपबशा वाजल्याचं आठवतं. मी थांबलो. आता तो सांगेल, मग मी म्हणेन की तेव्हा गणित केलं नव्हतं, आत्ता सुचलं. खोटं माझ्या जिभेवर तयार होतं.

"न्हाई काका," शांतवन म्हणाला. "इचारायचं राहिलं."

अण्णांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जेवता जेवता पकडलंस रं. तू ये माझ्याकडं." पुढे आमच्या लोकांत ही गोष्ट याच वाक्याने सांगितली जाऊ लागली. गेल्या नाताळात माझ्या नातवाने भरल्या पंगतीत ती सांगितली, आजोबांनी तोंडात घास असताना अख्खा प्लँट वाचवला म्हणून. आता आमच्या चर्चच्या मंडळीच्या स्मरणिकेत ती छापायची म्हणतात. चूक खरी होती, माझा आकडा बरोबर होता, प्लँट वाचला हेही खोटं नाही. फक्त मला ते जेवताना सुचलं नव्हतं, आणि शांतवनने मला विचारलं होतं. स्मरणिकेत छापायचंच असेल, तर हे छापावं.

त्या संध्याकाळी पपांनी पेटी ओढली, भाता मोकळा केला आणि म्हणाले, "आज दिनू निवडेल." किती महिने मी त्या शब्दांची वाट पाहिली होती. मला एकही गीत आठवेना. आईने हळूच एक आकडा सुचवला, तोच मी सांगितला. शांतवन माझ्याशेजारी बसून खालच्या पट्टीत गायला, नेहमीसारखा, शब्द न गाळता. मला त्याचा राग आला. त्याने आरडाओरडा केला असता, मला खोटं पाडलं असतं, तर मी लढलो असतो. तो गात होता. नोकरी मला मिळाली होती, आणि तरी त्या खोलीत मोठा तोच होता. याचाही मला हेवा वाटला. हेवा वाटायला माणसाला किती थोडं पुरतं.

मी ग्लँडचं नवं ड्रॉइंग काढलं. माझ्या कापऱ्या रेघांचं, पण बरोबर. पपांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर असेल." शांतवनचं ड्रॉइंग मात्र त्यांनी काचेत बसवून भिंतीवर लावलं. मला राहवेना. "ते चुकलेलं आहे पपा."

"यंत्र चुकलंय," पपा म्हणाले. "चित्र नाही चुकलं."

मी अण्णांच्या प्लँटवर रुजू झालो आणि तिथेच म्हातारा झालो. ग्लँड ठिबकायचा. शांतवन म्हणाला होता तसंच झालं, दूध घालायला आलेल्या बायका थेंबाकडे बघून म्हणत, "साहेब, तुमचं मशिनच पानी घालतंय की." मी खाली बादली ठेवली, पॅकिंग बदलत राहिलो, हसत राहिलो. शांतवनने डिप्लोमा पुरा केला, पण यंत्राचं चित्र पुन्हा काढलं नाही. गावाकडच्या हायस्कुलात तो चित्रकलेचा मास्तर झाला, माझ्या वडिलांसारखा. रविवारी एसटीने नगरला यायचा आणि दोघं पोरांची चित्रं तपासत बसायचे. पपांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांचे पाय मी चेपले, पण ते हाक त्याला मारत. मला नोकरी मिळाली, त्याला माझे वडील मिळाले. कोणाचा सौदा बरा झाला, हे मी पुष्कळ वर्षं मोजलं आहे.

यंदा ते काचेतलं ड्रॉइंग घेऊन मी त्याच्या वस्तीवर गेलो. शांतवन पडवीत बसला होता, केस सगळे पांढरे, दात थोडे. "सलाम दिन्या. कसली खिडकी आनलीस बरूबर?" मी काच त्याच्यापुढे ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खिशातलं गणित, ओट्यावरचं "चालतंय", सगळं. मग विचारलं, "तुला तेव्हा कळलं होतं का, की मला आधीच माहीत होतं?"

"व्हय," तो म्हणाला. "त्या रविवारी सकाळधरनं तू ड्रॉइंगकडं बघत नव्हतास."

"मग पपांना 'नाही' का म्हणालास? मला वाचवायला?"

तो जरा विचारात पडला, जणू हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. "तुला कशापायी वाचवू? काकांच्या ताटात घास हुता. पोटचं पोरगं खोटं बोललं असं त्यांना तिथं कळलं असतं, तर ते जेवले नसते." मग म्हणाला, "मला नोकरी पायजे हुती दिन्या. लई पायजे हुती. पन काकांचं तोंड बघितलं आन् ऱ्हायलं."

पन्नास वर्षं मी त्याच्या उपकाराखाली वाकून चाललो, आणि उपकार माझ्यावर नव्हताच. तो माझ्या वडिलांवरचा होता. तिथेही मी नव्हतो.

शांतवनने मागचे खिळे वाकवून कागद काचेतून बाहेर काढला, मांडीवर पाट घेतला आणि नातीची पेन्सिल आणि ब्लेड मागून घेतलं. डाव्या टोकाची शाईतली चकती त्याने ब्लेडने हलक्या हाताने खरवडली आणि तिथे ग्लँड काढायला लागला. कडी, पॅकिंग, आवळायचे बोल्ट. पट्टी नव्हती. "दोन-चार रेघाच तर हुत्या," तो पुटपुटला. श्वास धरल्यामुळे शब्द अर्धेच बाहेर आले.

रेघ सरळ आली. अजूनही सरळ येते त्याची. मी माझा कापणारा हात पाठीमागे नेला आणि बघत राहिलो. पपा असते तर त्यांनी आज गीत कोणाला निवडायला सांगितलं असतं, हे मला माहीत होतं, आणि या वयात, त्या पडवीत, ते मला पुन्हा सहन झालं नाही.